गवतावरचा प्रबंध

"निरंजनचा प्रबंध कुठवर आला हो?"

माझ्या अंगात लाइफ जॅकेट चढवून डॉक्टर दातारबाई त्याचे पट्टे आवळत होत्या. आवळता आवळताच त्यांनी हे विचारलं. चहा झाला का, असं विचारावं तितक्या सहज.

"कुणाचा?" मी म्हटलं.

त्यांचे हात थांबले. क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "फार घट्ट झालं का? सैल करू?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता, "इरफान, अरे तो दोर!" असं ओरडत पाण्याकडे पळाल्या. इरफान नावाचा तो पंचविशीतला तरुण दोर हातातच धरून उभा होता. तोही गोंधळून त्यांच्याकडे बघायला लागला.

मुळशीच्या तलावाच्या काठावर मी तशीच उभी राहिले. भाद्रपद संपत आला होता. तलाव तुडुंब भरलेला, डोंगर हिरवेगार, उतारावर सोनकीची पिवळी फुलं. काठाला पाच-सहा होड्या लागल्या होत्या आणि त्यांची पांढरी शिडं वाऱ्यावर फडफडत होती. इतकी सुरेख सकाळ, आणि माझ्या कानात ते एकच नाव घुमत होतं.

निरंजन आमचा मुलगा. आम्ही मिरजेला असताना, नऊ वर्षांचा होऊन मेंदूज्वराने गेला. त्याला जाऊन तेव्हा एकोणीस वर्षं होत आली होती. तो गेल्यावर ह्यांनी बदली मागून घेतली, आम्ही पुण्याला आलो, आणि ते नाव आमच्या घरात कुणी घेईनासं झालं. ठरवून नव्हे. आपण नाव घेतलं तर दुसऱ्याचं काय होईल, या धास्तीने दोघंही गप्प राहिलो. मग गप्प राहण्याचीच सवय लागली.

हे, म्हणजे माझे यजमान श्रीपाद मोघे, पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर. बोलणं मुळातच बेताचं. पुण्याला आल्यावर काही वर्षांनी कुणा सहकाऱ्याबरोबर एकदा या तलावावर आले आणि शिडाच्या होड्यांच्या नादी लागले ते लागलेच. दर रविवारी सकाळी निघायचे, संध्याकाळी उन्हाने रापून परत यायचे. त्यांनी मला कधी 'चल' म्हटलं नाही आणि मीही कधी हट्ट धरला नाही. त्या वर्षी मात्र दातारबाईंनी परस्पर घरी फोन केला. "आम्हा शीडवाल्यांचा वार्षिक दिवस आहे, सगळे घरच्यांना आणतायत, तुम्ही यायलाच हवं!" मी हो म्हणून मोकळी झाले. ह्यांना सांगितलं तर चेहरा असा झाला, की जणू घरावर जप्ती आली आहे.

सकाळी पिरंगुट सोडल्यावर त्यांनी गाडीचा वेग कमी केला होता.

"तिथली माणसं बोलकी आहेत," म्हणाले.

"मग बरंच की."

"काहीबाही विचारतात."

"मी देईन उत्तरं."

त्यावर ते काहीतरी बोलणार होते. पण त्यांनी गिअर बदलला आणि वेग वाढवला.

आता काठावर उभं राहून मी त्यांना शोधत होते. ते दूर, गुडघाभर पाण्यात, एका लहानशा होडीचं शीड चढवत होते. एकाच माणसाची होडी ती. माझ्याकडे पाठ होती. हाक मारावी म्हणून मी पुढे झाले, तर कमांडर सुर्व्यांनी मला अडवलं. सुर्वे नौदलातून निवृत्त झालेले गृहस्थ, पांढऱ्या मिशा, आवाज तोफेसारखा.

"वहिनी, तुम्ही आमच्या मोठ्या होडीत! मोघे एकटाच जातो नेहमी, त्याला कुणी लागत नाही. चला, पाय इथे ठेवा. घाबरू नका, मी आजवर कुणाला बुडवलं नाही!"

होडीत आम्ही चौघं. सुर्वे सुकाणूवर, इरफान पुढच्या शिडाशी, मधल्या फळीवर मी आणि दातारबाई. शिडात वारा भरला आणि होडी अशी अलगद निघाली की मला कळलंही नाही. खाली पाणी चुळुक चुळुक वाजत होतं. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. एरवी मी खुळावून गेले असते.

"आवडतंय ना?" सुर्व्यांनी विचारलं. "तुमचा मुलगा मात्र पाण्याला भितो म्हणे! मोघ्याने सांगितलं. एकदा लाँचमध्ये बसवलं तर ओकून ओकून हैराण."

मी फळीची कड घट्ट धरली. मालवणला गेलो होतो तेव्हा निरंजन लाँचमध्ये खरंच ओकला होता. पाच वर्षांचा होता. माझ्या नव्या साडीवर.

"तो बघा बगळा!" दातारबाई मध्येच ओरडल्या. बगळे काठाने शंभर बसले होते.

"बगळ्याचं काय घेऊन बसलात," सुर्वे म्हणाले. "वहिनी, मी तर मोघ्याला स्पष्ट विचारलं होतं, बाबा रे, गवतावर कसला प्रबंध करायचा? गवतात काय आहे? तर माझ्यावर असा चिडला! अर्धा तास मला गवताच्या जाती ऐकवल्या. हिमालयात म्हणे बर्फाखाली दबून राहतं आणि पुन्हा उगवतं. पोरगा डेहराडूनला राहून त्याच्यावर अभ्यास करतोय, असं म्हणाला. आता मला सगळं पाठ झालंय."

दातारबाईंना खोकल्याची उबळ आली. खोकता खोकता त्या सुर्व्यांच्या पायावर पाय देत होत्या, ते मला दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

मला कशाचाच अर्थ लागत नव्हता. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात आलं ते हे, की ह्यांचं दुसरं घर आहे. दुसरी बायको आहे, तिच्यापासून मुलगा आहे, आणि त्याचं नावही ह्यांनी निरंजनच ठेवलं आहे. दर रविवारी पुरुष घरातून जातो आणि हलका होऊन परत येतो, त्याला दुसरं काय कारण असणार? पण मग लाँचमधलं ओकणं? तेवढ्यात सुर्वे म्हणाले, "आणि डावखुरा ना तो, तुमच्यासारखा?" मी माझ्या हाताकडे बघितलं. फळी मी डाव्या हाताने धरली होती. ते बघूनच ते बोलले होते.

आमचाच निरंजन. डावखुरा, वांग्याची भाजी ताटाच्या कडेला सारणारा. हळूहळू सुर्व्यांकडून एकेक गोष्ट निघत गेली. तो दहावीला गणितात पहिला आला होता. मोटारसायकलवरून पडून त्याचं मनगट मोडलं होतं. उंची ह्यांच्यापेक्षा चार बोटं जास्त होती. मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर जे पोर नऊ वर्षांचं होऊन थांबलं होतं, ते त्या होडीत बसल्या बसल्या अठ्ठावीस वर्षांचं होत होतं. भ्यायचं की रडायचं की संतापायचं, ते समजेना. ह्यांच्या डोक्यावर परिणाम तर झाला नाही? झाला असेल, तर सोमवार ते शनिवार तो परिणाम कुठे असतो?

दूरवर ह्यांची होडी दिसत होती. वाऱ्याने ती एका अंगावर कलली होती आणि हे दुसऱ्या बाजूला पार पाण्यावर पाठ टेकेल इतके बाहेर झुकले होते. मी आयुष्यात त्यांना असं बघितलं नव्हतं. आमच्याकडे हा माणूस स्टुलावर चढून बल्ब बदलतानासुद्धा दोनदा स्टूल हलवून बघतो.

मग त्यांनी होडी वळवली आणि सरळ आमच्याकडे आणली. जवळ येता येता माझ्याकडे बघितलं, सुर्व्यांकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं असावं. चेहरा पांढराफटक पडला.

आणि नेमकं तेव्हाच सुर्व्यांनी आपल्या त्या तोफेच्या आवाजात विचारलं, "काय वहिनी, दिवाळीला तरी येतोय का चिरंजीव?"

दातारबाईंच्या हातातून थर्मास निसटला आणि होडीच्या तळाला गडगडत गेला. कुणी उचलला नाही. इरफान मान खाली घालून शिडाचा दोर बघत होता. ह्यांची होडी दोन हातांवर आली होती. ते माझ्याकडे बघत होते. परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहिलेलं पोर बघतं, तसे.

एक वाक्य बोलले असते तर सगळं संपलं असतं. ते वाक्य तोंडाशी आलंही होतं.

"छे," मी म्हटलं, "यंदा कुठला येतोय. बर्फ पडायच्या आत त्याला वरचं गवत गोळा करायचंय. मी म्हटलं, दिवाळीचे दोन दिवस तरी ये, तर म्हणतो, आई, गवत माझ्यासाठी थांबणार आहे का?"

माझं मलाच आश्चर्य वाटलं. 'आई' म्हणताना आवाज जरासुद्धा हलला नाही.

मग मोठ्ठा धपकन आवाज झाला. ह्यांच्या हातातला दोर सुटला होता, शीड या अंगावरून त्या अंगावर फिरलं होतं आणि होडी उलटी झाली होती. हे पाण्यात.

"मोघे उलटला!" सुर्वे ओरडले. "अरे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा!"

मी किंचाळले असणार, कारण दातारबाईंनी मला कवेत धरलं. "काही होत नाही, जॅकेट आहे त्यांना. बघा, वर आले." ते वर आले होते. होडीच्या तळाला धरून, तिच्यावर सगळं वजन टाकून, त्यांनी ती हळूहळू सरळ केली आणि पोटावर सरपटत आत चढले. मग बसून तोंडावरचं पाणी पुसायला लागले. पुसतच राहिले. बराच वेळ. दातारबाईंनी अजून माझा हात सोडला नव्हता.

जेवायला सगळे काठावरच्या आंब्याखाली बसलो. सुर्व्यांच्या घरून सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खिचडी आली होती. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. हे पंचा गुंडाळून, मांडी घालून बसले होते आणि ती खिचडी दुसऱ्यांदा मागून घेत होते. मी बघते आहे हे लक्षात आल्यावर घास तोंडापाशीच थांबला.

"खा," मी म्हटलं. तलावावर आल्यापासून एवढं एकच मी त्यांच्याशी बोलले होते.

इरफानने मग पेटी काढली. दातारबाई गायल्या. कुणाची तरी सून फार छान गायली. सुर्व्यांनी नौदलातल्या थापा मारल्या आणि हे मोठ्याने हसले. इतकं मोठ्याने, की मी वळून बघितलं. मधूनमधून मीही हसत होते. दिवस खरोखर चांगला चालला होता आणि हेच मला झेपत नव्हतं. या सगळ्या भल्या माणसांना आपला नवरा इतकी वर्षं फसवतो आहे, आणि आज त्यात आपणही सामील झालो, हे मनातून जात नव्हतं.

उन्हं कलल्यावर निघायची वेळ झाली. गाड्या वर रस्त्यावर होत्या. हे होडीचं शीड गुंडाळत होते, म्हणून इरफान माझी पिशवी घेऊन चढणीला सोबत आला. अर्ध्या वाटेवर तो थांबला.

"काकू, जरा बसा की इथं. एक सांगायचंय."

मी दगडावर बसले. तो उभाच राहिला.

"मी साहेबांना कोल्हापूरचा म्हणून सांगितलंय. पण मी मिरजेचा."

मी मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं.

"माझी आपा, मोठी बहीण, निरंजनच्या वर्गात होती. मी इथं आलो त्याला तीन वर्षं झाली. पहिल्याच दिवशी साहेब निरंजनचं सांगत होते, आणि मला... निरंजन मोघे हे नाव आपाच्या तोंडून ऐकलेलं, म्हणून मी घरी फोन करून तिला विचारलं. मग दातार मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, मला आधीच शंका होती. फोटो कधी दाखवत नाहीत. सुर्वे सरांना पण माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, काकू."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. पण विचारलं नाही की साहेब गप्प गप्प होतात. विचारलं की खुलतात. म्हणून विचारतो. चेष्टा नाही करत, काकू. अल्लाची शप्पथ. आम्हाला वाटलं, तुम्हाला आणतायत म्हणजे तुमचं दोघांचं मिळूनच असंल. सकाळी मॅडमनी विचारलं आणि तुम्ही 'कुणाचा' म्हटलात, तेव्हा त्या घाबरल्या. सुर्वे सरांना सांगायला वेळच मिळाला नाही."

खोकला, बगळा, पायावर दिलेला पाय. सकाळपासून मी एकटीच गोंधळले आहे असं समजत होते.

"तुझी आपा," मी विचारलं, "नाव काय तिचं?"

"नसीम."

मला नाव आठवलं नाही.

"ती लहानपणी अडखळायची बोलताना. लई. मुलं हसायची. म्हणून वर्गात तोंडच उघडायची नाही. निरंजन तिच्या शेजारच्या बाकावर. ती त्याच्या कानात उत्तर सांगायची आणि तो उभा राहून सांगायचा, 'बाई, नसीम म्हणते, सत्तेचाळीस.' रोज. बाई पण मग तिलाच शाबासकी द्यायच्या." इरफान जरा हसला. "आता घरात सगळ्यांवर ओरडती. पण हे अजून सांगती."

मी उठून त्याच्या मागोमाग वर गेले. त्याने पिशवी गाडीत ठेवली आणि खाली निघून गेला.

परतीला अर्धा रस्ता संपेपर्यंत हे समोर बघून गाडी चालवत होते. अखेर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पहिल्या दिवशी दातारबाईंनी विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, एक. ते काही खोटं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, काय करतो? तोंडातून निघून गेलं, दहावीला आहे." थोडं थांबून म्हणाले, "पुढच्या वर्षी मग अकरावीला नेणं भागच होतं."

"पण गवत का?"

"डॉक्टर म्हटलं असतं तर दातारबाईंनी खोदून विचारलं असतं. गवतातलं कुणाला काही कळत नाही." मग हळूच, "तुला राग आलाय?"

"मला नीट कळत नाहीये," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

"इरफान काय म्हणत होता?"

"काही नाही. असंच."

"मिरजेचा आहे तो."

मी चमकून बघितलं. ते समोर रस्त्याकडे बघत होते.

"एकदा बोलता बोलता 'आमच्या दर्ग्याचा उरूस' म्हणाला. आडनाव मुजावर. मी मिरजेत बारा वर्षं काढली, मला कळणार नाही? त्याला माहीत आहे. त्याला माहीत आहे म्हणजे सगळ्यांनाच माहीत असणार."

"मग तुम्ही..."

"मला कळलंय हे त्यांना कळलं, तर विचारायचे थांबतील ना." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "दुसरीकडे कुठे कुणी विचारतं त्याच्याबद्दल?"

घरी विचारायला मी होते. पण ते तसं म्हणाले नाहीत, आणि मीही म्हटलं नाही. मी फक्त त्यांना नसीमचं सांगितलं. अडखळणारी मुलगी, कानात सांगितलेलं उत्तर, 'बाई, नसीम म्हणते, सत्तेचाळीस.'

त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले.

"हे आपल्याला माहीत नव्हतं," म्हणाले.

"नव्हतं."

"घरी कधी बोलला नाही."

"नाही."

"सत्तेचाळीस," ते म्हणाले, आणि मग मात्र त्यांना आवरलं नाही. मलाही नाही. बाजूने गाड्या जात होत्या. एका ट्रकवाल्याने थांबून, काही मदत हवी का म्हणून विचारलं. ह्यांनी हात हलवून त्याला पुढे घालवलं.

बऱ्याच वेळाने गाडी पुन्हा सुरू झाली. पुण्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा मी डोळे पुसले, पदर नीट केला आणि विचारलं, "अठ्ठावीस वर्षांचा झाला. लग्नाचं काही ठरवलं आहे का त्याच्या?"

"छे!" हे दचकून म्हणाले. "ते कसं ठरवणार? तुला विचारल्याशिवाय?"